दीड इंचाची काच

दुर्बीण घरात आली की पहिले काही महिने माणूस नुसता पाहतो. शनीची कडी पाहतो, गुरूचे चार चंद्र पाहतो, चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेला उभे असलेले डोंगर पाहतो आणि तेवढ्यावर खूश असतो. शेजारपाजारचे येतात, पोट्टे रांग लावतात, कोणाचा तरी पाय लागतो आणि मोठ्या मेहनतीनं पकडलेला शनी निसटतो. मग केव्हा तरी, थंडी सरता सरता, तो प्रश्न येतोच : "फोटो निघते का भाऊ याच्यातून?"

अमरावतीत आमच्या गच्चीवर हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला की शेवटी मीही तो स्वतःला विचारू लागलो. आकाश डोळ्यांनीच पाहावं, फोटो काय हबलचे आहेतच, असं म्हणणारा एक सोवळा वर्ग हौशी आकाशनिरीक्षकांत असतो. बराच काळ मी त्याच पंगतीत बसत होतो. पण डोळा फार विसराळू. मागच्या आठवड्यात गुरूवरचा तांबूस पट्टा आजच्यापेक्षा रुंद होता की अरुंद, हे त्याला विचारून काही फायदा नाही. तो दरवेळी शपथेवर सांगतो आणि दरवेळी वेगळं सांगतो. पुरावा हवा असेल तर कॅमेरा हवा.

आता कॅमेरा घ्यायचा म्हटलं की सल्ले किमतीच्या क्रमानं येतात. इतक्यात हा, त्याच्या दुपटीत तो, आणि थोडी कळ काढून पैसे साठवले तर मग काय विचारूच नका. घर घेताना, गाडी घेताना हा क्रम चालत असेल. दुर्बिणीच्या कॅमेऱ्यात मात्र तो माणसाला सरळ खड्ड्यात नेतो, कारण इथे महागडी वस्तू स्वस्त वस्तूचं काम जास्त चांगलं करते असं नाही. ती बहुतेक वेळा दुसरंच काम करते.

पहिला कॅमेरा तर प्रत्येकाच्या खिशात असतो, आणि त्याला नावं ठेवू नयेत. २५ मिलिमीटरची नेत्रिका लावायची, मोबाइल तिच्यावर धरायचा, आणि पडद्यावर उजेडाचा गोल सापडेपर्यंत श्वास रोखून उभं राहायचं. अष्टमीच्या आसपासचा चंद्र असेल तर जे मिळतं ते पाहून घरचे मनापासून खूश होतात. मोबाइल पकडून ठेवणारा ॲडॉप्टर घेतला तर हाताचा कंपही जातो. अडचण ग्रहांपाशी सुरू होते. मोबाइलला वाटतं की तो सगळा काळा चौकोनच आपल्याला पाहायचा आहे. तो अंधार उजळत नेतो आणि गुरू पांढरा गोळा होऊन बसतो. पडद्यावर बोट ठेवून उजेड कमी केला तर दोन पट्टे अंधुक दिसतात, आणि त्यापुढे गाडी जात नाही. तरी मोबाइलची सद्दी मान्य करायलाच हवी. २ एप्रिल २०२२ ला, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, चिनी रॉकेटचे जळते तुकडे विदर्भाच्या आकाशातून गेले, तेव्हा आम्हा दुर्बीणवाल्यांच्या दुर्बिणी खोक्यात होत्या. जे चित्रण झालं ते रस्त्यावरच्या, शेतातल्या, गच्चीवरच्या मोबाइलवाल्यांनी केलं. त्याच रॉकेटचं भलंमोठं धातूचं कडं चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला पडलेलं सापडलं.

मोबाइलच्या पुढे वाट दोन बाजूंना फुटते. एकीकडे जुना डीएसएलआर. त्याची लेन्स काढायची, टी-रिंग नावाचं कडं बसवायचं आणि नुसती बॉडी दुर्बिणीच्या फोकसरमध्ये खोचायची. दुसरीकडे, ज्याला सगळे 'प्लॅनेटरी' म्हणतात तो चिमुकला कॅमेरा. नेत्रिकेच्या जागी बसणारी सव्वा इंची नळी, आत पाच-सहा मिलिमीटर रुंदीचा सेन्सर, मागे यूएसबीची वायर. पडदा नाही, बटण नाही, बॅटरी नाही. लॅपटॉप नसेल तर तो नुसता ठोकळा. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हौशी मंडळी फिलिप्सचा टूकॅम नावाचा वेबकॅम उघडून, त्याची लेन्स काढून, तिथे नळी चिकटवून हेच करायची. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांच्या त्या खेळण्यानं ग्रहांच्या फोटोंचा सगळा कारभार बदलून टाकला. आजचे झेडडब्ल्यूओचा एएसआय १२० किंवा एसव्हीबोनीचा एसव्ही ३०५ हे त्याच घराण्यातले. थंड केलेल्या सेन्सरचे कॅमेरेही असतात, पण त्यांची किंमत माझ्या दुर्बिणीच्या कित्येक पट. तो विषय तिथेच संपतो.

माझं सासर अकोल्याचं. त्यामुळे अमरावती-अकोला हा रस्ता मला पाठ आहे. २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज बुकात गेलेला हाच तो रस्ता. त्याआधी आम्ही किती वर्षं त्याची धूळ खाल्ली, त्याचं बुक कोणी काढलं नाही. तर अशाच एका फेरीत मी टिळक रोडच्या मागच्या गल्लीत एका लग्नाच्या फोटोवाल्याकडे गेलो. मिररलेस कॅमेरे आल्यापासून वऱ्हाडातल्या फोटोवाल्यांनी जुने डीएसएलआर विकायला काढले आहेत, असं कोणी तरी सांगितलं होतं. काचेच्या कपाटात कॅननचा ६००डी होता. पट्ट्यावर हळदीचा डाग.

"शटर काउंट किती झाला?" मी विचारलं.

"खोटं नाही बोलत भाऊ, लय लग्नं लावले यानं. पण बॉडी टकाटक आहे. लेन्सले आतून थोडी बुरशी आहे, थे पाहून घ्या."

"लेन्स नको मले. नुसती बॉडी द्या."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "बिना लेन्सचा कॅमेरा कायले पाहिजे?"

"दुर्बिणीले लावायचा आहे. गुरूचे फोटो काढाचे आहेत."

"कोणते महाराज?" तो म्हणाला.

गुरू म्हणजे आकाशातला, हे सांगितल्यावर त्यानं चहा मागवला आणि किंमत थोडी उतरवली. मी विचार करून सांगतो म्हणून निघालो. घरी सासऱ्यांनी आकडा ऐकला आणि म्हणाले, "जवाईबापू, इतक्या पैशात गच्चीवर टिनं पडते." म्हटलं, टिनं पडली तर गुरू दिसणार कसा? त्यांनी हा मुद्दा विचारात घेतला नाही.

रात्री कागद घेऊन गणित मांडलं. दुर्बिणीच्या मागे कॅमेरा लावला की दुर्बीण हीच लेन्स, आणि प्रतिमा केवढी पडणार हे तिचं नाभीय अंतर ठरवतं. माझी दुर्बीण सहा इंची डॉब्सोनियन, नाभीय अंतर १२०० मिलिमीटर. तिच्या मागे चंद्राची प्रतिमा पडते साधारण ११ मिलिमीटरची. गुरू पृथ्वीच्या जवळ असतो तेव्हा त्याची चकती ४५ विकलांच्या आसपास दिसते, म्हणजे प्रतिमा पाव मिलिमीटर. खसखशीच्या दाण्याहून लहान. ही पाव मिलिमीटरची चकती आता ६००डीच्या २२ मिलिमीटर रुंद सेन्सरवर ठेवून पाहा. १८ मेगापिक्सेलच्या त्या पसाऱ्यात गुरूच्या वाट्याला येतात रुंदीत साठेक पिक्सेल. बाकीचे सगळे निव्वळ अंधाराचा फोटो काढतात. लहान कॅमेऱ्याचा सेन्सर साडेपाच मिलिमीटरचाच, पण त्याचा एकेक पिक्सेल २.९ मायक्रॉनचा, कॅननच्या ४.३ मायक्रॉनपेक्षा बारीक. तिथे गुरूला नव्वद पिक्सेल मिळतात, आणि मधे प्रतिमा दुप्पट करणारी बार्लो लेन्स टाकली तर १८०. चंद्राचं बरोबर उलटं. पौर्णिमेचा अख्खा चंद्र डीएसएलआरमध्ये आरामात मावतो, लहान कॅमेऱ्यात तो तुकड्यातुकड्यांनी टिपून मागाहून जोडावा लागतो.

शिवाय ग्रहाचा फोटो हा मुळात फोटो नसतोच. तो व्हिडिओ असतो. हवा हलत असते, त्यामुळे एक चित्र स्वच्छ, पुढची वीस गढूळ. सेकंदाला शंभराच्या घरात चित्रं घ्यायची, दोन-तीन मिनिटांत हजारो गोळा करायची, आणि मग ऑटोस्टॅकर्टसारख्या सॉफ्टवेअरला सांगायचं की बाबा, यातली चांगली तेवढी निवड आणि एकावर एक रच. लहान कॅमेरा हेच करायला जन्मलेला आहे. डीएसएलआर सेकंदाला पंचवीस-तीस चित्रं देतो, तीही दाबून लहान केलेली. त्यात माझ्या डॉबसारख्या न्यूटनीय, म्हणजे आरशाच्या, दुर्बिणीची एक खोड आहे. नेत्रिकेसाठी बनवलेल्या बऱ्याच दुर्बिणींत डीएसएलआर फोकसच होत नाही. कॅमेऱ्याच्या तोंडापासून सेन्सरपर्यंतचं अंतर आणि वर टी-रिंग मिळून ५५ मिलिमीटर होतात, आणि फोकसर तेवढा आत जात नाही. मग कोणी मुख्य आरसा पुढे सरकवतो, कोणी बार्लो मधे घालतो.

इतकं झाल्यावर वऱ्हाडातल्या हवेचा विचार करावाच लागतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे गेला तरी त्याचं कोणाला नवल वाटत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारा-एकपर्यंत उष्णता ओकत राहतो, आणि दुर्बीण त्याच हवेतून वर पाहते. चंद्राची कड थरथरते, शनीची कडी एकमेकांत मिसळतात. पूर्वी माणसं झोपण्याआधी गच्चीवर पाणी मारायची, तसं मीही दुर्बिणीसाठी मारतो. फरक पडतो, पण खरी हवा बसते ती पहाटेच. सेन्सरलाही उन्हाळा लागतो. तापमान साधारण सहा अंशांनी वाढलं की सेन्सरमध्ये आपोआप उठणारा खोटा प्रकाश दुप्पट होतो. जानेवारीतल्या पहाटे १० अंश आणि मेमधल्या रात्री ३४ अंश धरले तर मधे चार वेळा दुप्पट, म्हणजे सोळापट. तेजोमेघासाठी मिनिट-मिनिट शटर उघडं ठेवायचं असेल तर हा सोळापट कचरा चित्रभर सांडतो. गुरूसाठी एकेक चित्र सेकंदाच्या शंभराव्या भागात उरकतं, त्याला साचायला वेळच मिळत नाही. थोडक्यात, विनाकूलरच्या कॅमेऱ्यावर वऱ्हाडात उन्हाळा काढायचा असेल तर झटपट टिपता येणारं काही तरी धरावं. शहराचा उजेडही याच बाजूनं कौल देतो. रस्त्यावरच्या पांढऱ्या एलईडी दिव्यांनी मृगातला तेजोमेघ फिका पडतो, गुरू-शनीला त्यांचं काही सोयरसुतक नसतं.

एक गोष्ट मात्र आपल्याला फुकट मिळाली आहे, ती म्हणजे अक्षांश. अमरावती २१ अंश उत्तरेला. २०२४-२५ च्या हिवाळ्यात गुरू वृषभेत होता, पुढच्या हिवाळ्यात मिथुनेत. दोन्ही वेळा तो मध्यरात्रीच्या सुमाराला जवळजवळ आपल्या डोक्यावर आला. डोक्यावरची हवा सर्वांत पातळ, म्हणून चित्र सर्वांत स्वच्छ. २०१९-२० मध्ये तो धनु राशीत होता, तेव्हा लंडनच्या लोकांना क्षितिजापासून १५-१६ अंशांवर पाहावा लागला. आपल्याला तेव्हाही ४५ अंशांच्या वर होता. दक्षिणेकडचा ओमेगा सेंटॉरी हा प्रचंड तारकागुच्छ लंडनहून कधी उगवतच नाही, आपल्याकडे चैत्र-वैशाखात तो २२ अंशांपर्यंत चढतो. फुकटच्या गोष्टीला खोट असतेच म्हणा. डॉब नेमकी डोक्यावर वळत नाही. नळी सरळ उभी झाली की बैठक कितीही फिरवा, नळी जागच्या जागी गिरक्या घेते आणि गुरू कोपऱ्यातून निघून जातो. शब्दशः हातातोंडाशी आलेला घास.

याच दिवसांत मी १८९८ च्या ग्रहणाबद्दल वाचत होतो. २२ जानेवारी १८९८, शनिवार. खग्रास ग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावर चढली आणि महाराष्ट्र तिरपा कापत विदर्भावरून पुढे उत्तर भारतात गेली. हेलियमच्या शोधाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते नॉर्मन लॉकियर विजयदुर्गला तळ देऊन होते. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला होते, आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही. हे मला ओझरतं ठाऊक होतं. ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची तुकडी कुठे उतरली होती, हे मात्र ठाऊक नव्हतं. त्यांनी १८९९ मध्ये 'द इंडियन एक्लिप्स १८९८' या नावानं या मोहिमांचा वृत्तान्त छापला, त्यात ते नाव आहे. तळणी.

तळणी म्हणजे आमच्या जिल्ह्यातली! बडनेऱ्याहून वर्ध्याकडे निघालं की चांदूर, धामणगाव, आणि मग पुलगावच्या अलीकडे तळणी. बहुतेक एक्सप्रेस गाड्या तिथे न थांबताच निघून जातात. त्या रुळांवरून मी नागपूरला किती तरी वेळा गेलो असेन, आणि तळणीला बहुधा डबा उघडून पोळी-भाजी खात असेन.

त्या जानेवारीत मुंबई-पुण्याला प्लेगनं घेरलेलं होतं. वऱ्हाड आदल्या वर्षीच्या दुष्काळातून नुकतं वर येत होतं. अशा वेळी तळणीला जी माणसं उतरली त्यांत ग्रिनिच वेधशाळेचे वॉल्टर माँडर होते, पुढे कोडाईकनाल वेधशाळेचे संचालक झालेले जॉन एव्हरशेड होते, आणि वॉल्टर यांच्या पत्नी ॲनी होत्या. एव्हरशेड यांनी सूर्य झाकला जातानाच्या निमिषभर चमकणाऱ्या कडेचा वर्णपट टिपला. हे मोठंच काम. पण माझं लक्ष ॲनीबाईंच्या सामानाकडे गेलं.

ॲनी रसेल मूळच्या आयर्लंडच्या, जन्म १८६८. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकल्या, पण केंब्रिज तेव्हा बायकांना पदवीच देत नसे. १८९१ मध्ये ग्रिनिचला महिना चार पौंडांवर गणनेच्या कामाला लागल्या, आणि सूर्याच्या रोजच्या फोटोंवरचे डाग मोजू लागल्या. १८९५ मध्ये त्यांनी वॉल्टर यांच्याशी लग्न केलं आणि नोकरी गेली, कारण लग्न झालेल्या बाईला सरकारी नोकरीत ठेवायचं नाही असा नियम होता. वेधशाळा गेली, दुर्बीण गेली, पगार गेला. मग गर्टन कॉलेजनं दिलेल्या अनुदानातून त्यांनी स्वतःचा एक लहानसा कॅमेरा उभा केला. लेन्स दीड इंचाची, नाभीय अंतर तोकडं. तो घेऊन त्या तळणीला आल्या.

त्याच सावलीखाली, जेऊरला, कॅम्पबेल यांच्याकडे ४० फुटी कॅमेरा होता. नाभीय अंतरच ४० फूट. त्याच्या काचेवर सूर्याची प्रतिमा ११ सेंटिमीटरच्या आसपास पडते. त्याच्यापुढे दीड इंची लेन्स म्हणजे कोणालाही हसू येईल. पण ॲनीबाईंना सूर्याच्या कडेजवळचा तपशील नकोच होता. त्यांना प्रभामंडळाची बाहेरची, अतिशय फिकी टोकं हवी होती, जी सूर्यापासून दूर जाता जाता आकाशात विरून जातात. लांब नाभीय अंतरात प्रतिमा मोठी होते, पण तेवढाच प्रकाश जास्त जागेवर पसरतो आणि फिकं ते आणखी फिकं होतं. तोकड्या लेन्समध्ये प्रतिमा चिमुकली, पण प्रकाश दाटीनं एका जागी पडतो, आणि आकाशाचा मोठा तुकडा एका काचेवर मावतो. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची होती. तेवढ्यात त्यांच्या काचांवर प्रभामंडळाचा एक किरण उमटला, सूर्याच्या कडेपासून लाखो मैल दूर गेलेला. तोवर कोणाच्याच फोटोत इतका लांब किरण आला नव्हता, ४० फुटांच्या नाही आणि कोणाच्याच नाही. १९१६ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं बायकांना पहिल्यांदा सभासद करून घेतलं, तेव्हा त्यांत ॲनीबाई होत्या.

आता यावरून लहान तेच भलं, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो टाळावा, कारण तो खोटा आहे. ४० फुटी कॅमेऱ्यानं आतल्या प्रभामंडळाच्या ज्या बारीक कमानी टिपायच्या त्या दीड इंचाला कधीच जमल्या नसत्या. ॲनीबाईंच्या कॅमेऱ्याचा मोठेपणा एवढाच की त्याला काय टिपायचं नाही हे तळणीला उतरण्याआधीच ठरलेलं होतं. पैसा थोडा असला की ते ठरवावंच लागतं. पैसा भरपूर असला की माणूस ते ठरवत नाही, आणि मग सगळंच थोडं थोडं टिपत बसतो. असे सगळं साहित्य असलेले आणि एकही चांगला फोटो नसलेले लोक मी पाहिलेले आहेत. त्यांच्या गाड्याही छान असतात.

मला काय टिपायचं नव्हतं? तेजोमेघ नको होते, कारण माझ्या डॉबला मोटर नाही आणि गच्चीला अंधार नाही. अख्खा चंद्र नको होता, तो मोबाइलवर ठीक येतो. हवा होता गुरू, थोडा शनी, आणि चंद्राच्या सीमारेषेवरची दोन-चार विवरं. म्हणजे तोकडा सेन्सर, बारीक पिक्सेल, वेगवान चित्रं. मी प्लॅनेटरी मागवला. बिलाबाहेरचे खर्च पुढे हळूहळू कळत गेले. काही कॅमेऱ्यांत अवरक्त किरण अडवणारी काच नसते, त्यासाठी वेगळा फिल्टर. बार्लो. लांब वायर. आणि लॅपटॉप, ज्याची डिस्क पहिल्याच रात्री भरली. घरच्या लॅपटॉपवरून मुलांच्या वाढदिवसांचे व्हिडिओ हलवताना जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

गुरू पडद्यावर पहिल्यांदा येतो तो प्रकार सांगण्यासारखा आहे. डॉब स्थिर धरलेली असते, पृथ्वी फिरत असते. बार्लो नसताना कॅमेऱ्याला आकाशाची १६ कलांची रुंदी दिसते, आणि गुरू ती एका मिनिटात ओलांडतो. पडद्याच्या डाव्या कडेनं एक मळकट, कडा उसळणारी चकती आत येते, सरळ रेषेत चालत उजव्या कडेनं निघून जाते. नळी किंचित ढकलायची, पुन्हा डावीकडून. फोकसरच्या गुंडीला हात लावला की चित्र इतकं हलतं की फोकस झाला की बिघडला तेच कळत नाही. त्यावर एक नामी उपाय आहे. कपडे वाळत घालायचा चिमटा गुंडीला लावायचा आणि चिमट्याचं टोक बोटानं हळूच सारायचं. हात लांबवर राहतो, गुंडी केसभर फिरते, दुर्बीण जागची हलत नाही. चिमट्यानं तीन-चार वेळा पुढे-मागे केलं की एका क्षणी चकतीतला मळ निवळतो आणि दोन पट्टे वेगळे होतात. एखादा चंद्र असेल तर तो पसरट डाग न राहता टोकदार ठिपका होतो, फोकसची तीच खूण. मग रेकॉर्डिंग लावायचं. सकाळी सॉफ्टवेअर हजारो चित्रांतली बरी निवडून रचतं, धार लावण्याची पट्टी सरकवली की पट्ट्यांच्या कडेला लाटा उमटतात. धार फार लावू नये. फार लावली की गुरूवर नसलेल्या गोष्टी दिसू लागतात, आणि हौशी माणसाला त्या फार आवडतात.

रचलेलं चित्र मोबाइलवर पाठवलं तर ते एवढंसं दिसतं. शेजारच्या काकूंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढाच?" त्यांना मी डाग दाखवला. गुरूवरचा मोठा तांबडा डाग, ज्यात आपली अख्खी पृथ्वी मावते. "हाव, दिसते ना," म्हणाल्या, पण ते माझ्या समाधानासाठी असावं.

खालच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा मात्र मागेच लागला. काका, मले पण कॅमेरा घ्यायचा आहे, तुमच्यासारखाच. त्याला विचारलं, टिपायचं काय आहे? चिखलदऱ्याहून आकाशगंगा, म्हणाला. मग माझ्यासारखा घेऊन काय करशील? आकाशगंगेला दुर्बीणच नको. चिखलदऱ्याचा अंधार, डीएसएलआर, १८ मिलिमीटरची साधी किट लेन्स आणि तिपाई, बस. त्या लेन्सवर शटर पंधराएक सेकंद उघडं ठेवलं तरी तारे ओढल्यासारखे होत नाहीत. त्यापेक्षा गडद आकाश हवं असेल तर पेंच आहे. २०२४ मध्ये तिथलं महाराष्ट्रातलं व्याघ्र प्रकल्पाचं क्षेत्र भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं. पण चिखलदरा जवळ, आणि पोरं मोटरसायकलवर जाणार. जायचं तर हिवाळ्यातली कडाक्याची थंडी संपल्यावर, फेब्रुवारी-मार्चच्या पहाटे, धनु-वृश्चिकाकडचा तो जाड पट्टा पूर्वेकडून वर येतो तेव्हा.

त्याला अकोल्याच्या त्या गल्लीचा पत्ता दिला. ६००डी अजून कपाटातच होता. "महाराजवाल्या भाऊनं पाठवलं काय?" असं दुकानदारानं विचारलं म्हणे. बुरशीची लेन्स दाखवून पोरानं किंमत आणखी पाडली. बुरशी काठाला आहे, छिद्र थोडं लहान केलं की फारशी बाधणार नाही, पण हे त्यानं दुकानात सांगितलं नाही.

आता त्याचं म्हणणं आहे की पौर्णिमेला त्याची बॉडी माझ्या डॉबला लावून पाहू. फोकस होईल की नाही सांगता येत नाही. झाला तर पूर्ण चंद्र एका चित्रात मिळेल, नाही झाला तर मधे बार्लो घालावी लागेल आणि मग चंद्र पुन्हा तुकड्यांतच. त्यासाठी कॅननची टी-रिंग मागवली आहे, पैसे निम्मे त्याचे, निम्मे माझे.